खानझोडे काका आणि राबणारी तिकिटं

आमच्या शेजारचे खानझोडे काका आम्हाला चहाला बोलवायचं असलं की पोस्टानं पत्र टाकतात.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त हिरवळीचा एक पट्टा आणि त्यावर एक मेपलचं झाड आहे. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंका आमच्याकडे येतात. पण आमंत्रण मात्र असं थेट येत नाही. ते आधी कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत पडतं, तिथून शिकागोच्या बाजूला कुठेतरी टपाल निवडतात तिथे फिरून येतं आणि दोन-तीन दिवसांनी दारातल्या आमच्या डब्यात पोचतं. 'शनिवारी दुपारी चार वाजता यावे. चिवडा आहे. भा. ना. खानझोडे.' एवढाच मजकूर.

एकदा बर्फामुळे टपाल रखडलं. चहाच्या आदल्या दिवशी मी आणि काका आपापल्या ड्राइव्हवेतला बर्फ उपसत शेजारीशेजारी उभे होतो. चांगल्या अर्ध्या तासाच्या गप्पा झाल्या. मीठ कुठलं टाकावं, फावडं कसं धरावं, आमचा गटाराचा पाइप चुकीच्या उताराला कसा लावलाय, सगळं झालं. चहाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी काका चिवडा घेऊन बसून राहिले आणि पत्र आलं सोमवारी. मी धावत जाऊन माफी मागितली, तर ते शांतपणे म्हणाले की तुझी काय चूक, पत्रच पोचलं नव्हतं. मी म्हटलं, अहो पण आपण समोरासमोर बोलत होतो की.

"पत्र वाटेत होतं ना," काका म्हणाले. "वाटेतल्या पत्राच्या पुढे पळायचं नसतं, मंजिरी."

या पत्राचं पाकीट ही एक वेगळीच वस्तू असते. अमेरिकेत पोस्टाचं न वापरलेलं तिकीट कितीही जुनं असलं तरी चालतं. कुणाच्या आजोबांच्या टेबलाच्या खणात सापडलेलं तीन सेंटांचं तिकीटसुद्धा आज लावता येतं, फक्त आजचा दर भरेपर्यंत तशी बरीच लावावी लागतात. काका तेच करतात. त्यांच्याकडे जुन्या साध्या तिकिटांचे जादा नग खोके भरून आहेत. पाकिटावर एकाशेजारी एक अशी ती बसवत जातात, मग अंगठ्याएवढी जागा उरते आणि तिथे आमचा पत्ता लिहिलेला असतो, जिऱ्याएवढ्या अक्षरात. आमची इरा हे पाकीट हातात आलं की उन्हात धरून बघते आणि म्हणते, "आई, इट्स अ क्विल्ट." गोधडीच ती. तिला मराठी शब्द सुचला नाही, पण उपमा बरोबर होती.

काका मूळचे नागपूरचे. इंजिनिअरिंग करून तरुणपणीच इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी खात्यात हायवेचे पूल डिझाइन करत राहिले. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या आसपास तुम्ही गाडी चालवली असेल, तर काकांच्या एखाद्या पुलावरून नक्की गेला असाल. ते तुम्हाला कळलं नसेल, पण काका गाडीत असते तर कळलं असतं. आपला पूल आला की ते बोलणं थांबवतात आणि पूल ओलांडून झाला की जिथे थांबले होते त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

या पुलांनी काकांना आयुष्यभर पुरेल असा एक युक्तिवाद दिला आहे. कुठल्याही वादात, मग तो आमटीत गूळ आधी घालावा की नंतर याबद्दल असो की देशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल, समोरचा ऐकत नाही असं दिसलं की काका चष्मा काढतात आणि म्हणतात, "माझा एकही पूल पडलेला नाही." यावर काय बोलणार? खरंच पडलेला नाही. माझा नवरा निखिल कंपनीत मोठमोठ्या लोकांशी वाद घालतो, पण या वाक्यापुढे तोही गूळ नंतर घालायला तयार झाला.

चुकणं काकांना मान्यच नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेतलं शुद्धलेखन ते लाल पेननं तपासून अध्यक्षांना परत करतात. एकदा मंडळानं त्यांना छंदाविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं. काकांनी तिकिटांच्या कडेला असलेल्या भोकांवर, म्हणजे ज्यामुळे तिकीट फाडल्यावर कडेला दाते राहतात त्या भोकांवर, बोलायला सुरुवात केली. दोन सेंटिमीटरमध्ये दाते दहा की अकरा, यावरून तिकीट कुठल्या वर्षीचं ते कसं ओळखावं इथपर्यंत आले, तेव्हा मोदक तयार झाल्याची कुजबुज झाली. हॉल रिकामा झाला. काका थांबले नाहीत. नंतर कुणीतरी ओशाळून म्हणालं की काका, आम्ही अर्ध्यातूनच उठलो. तर काका म्हणाले की माहिती बरोबर होती, ऐकायला कोण होतं हा वेगळा प्रश्न आहे.

तिकिटं म्हटल्यावर तुम्हाला रंगीबेरंगी फुलपाखरं, चांद्रयान, ख्रिसमस असं काहीतरी डोळ्यांपुढे येईल. काकांना ती चालत नाहीत. एखाद्या प्रसंगापुरती छापतात, चार महिने मिरवतात आणि जातात. काका त्यांना 'वरातीतली तिकिटं' म्हणतात. त्यांचं प्रेम आहे ते रोजच्या तिकिटांवर. वर्षानुवर्षं तीच ती छापली जाणारी, विजेच्या बिलावर, नोकरीच्या अर्जावर, आजीला लिहिलेल्या चार ओळींवर लागणारी. ही तिकिटं एकेकटी येत नाहीत, मालिकेनं येतात. अर्ध्या सेंटापासून पाच डॉलरपर्यंत एकच घराणं. "मिरवणारं वेगळं, राबणारं वेगळं," काका म्हणतात. "देश बघायचा तर राबणाऱ्यात बघावा."

त्यातही १९३८ सालची अध्यक्षांची मालिका म्हणजे त्यांचा देव्हारा. त्या मालिकेत किंमत हाच क्रमांक आहे. पहिला अध्यक्ष एक सेंटावर, दुसरा दोनवर, असं करत बावीसपर्यंत. मग कित्येक किमती अशा निघाल्या की त्या दरात पोस्टात काहीच जात नसे. एकोणीस सेंटांचं पत्र लिहायचं तरी कुणाला? पण एकोणिसावा अध्यक्ष होऊन गेला होता, म्हणून तिकीट निघालं. काकांना यातली शिस्त आवडते. शिस्तीत एकच खोट आहे. बाविसावा अध्यक्ष एकदा हरला आणि मधली चार वर्षं सोडून पुन्हा निवडून आला. एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले आणि तेविसावा बिचारा चोवीस सेंटांच्या तिकिटावर जाऊन बसला. काका अजून त्या माणसाला माफ करू शकलेले नाहीत. मधे गॅप घेऊन परत येणाऱ्यांमुळे सगळ्यांचीच व्यवस्था बिघडते, असं त्यांचं मत आहे.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारीही त्यांनी याच मालिकेवर केली होती. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं की यादवी युद्धाच्या वेळी अध्यक्ष कोण होता. काका ताबडतोब म्हणाले, "सोळा सेंट, काळा." अधिकारी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मग काकांनी त्याला काळा हा तिकिटाचा रंग हे समजावून सांगितलं आणि शेवटी, विचारलंच आहे म्हणून, नावही सांगितलं.

माणसंही ते तिकिटांनीच मोजतात. निखिल सगळ्याला 'चालेल' म्हणतो, म्हणून तो त्यांच्या लेखी हल्लीचं 'फॉरएव्हर' तिकीट आहे. त्या तिकिटावर आकडाच छापलेला नसतो, दर कितीही वाढला तरी ते चालतं. "किंमतच लिहिलेली नाही, तर माणसानं वागायचं कसं त्याच्याशी?" काका विचारतात. मला त्यांनी एकदा 'तीन सेंट, जांभळं' म्हटलं. मला राग आला होता. पुढे कळलं की त्या मालिकेत तीन सेंटांचं जांभळं तिकीट सगळ्यात जास्त राबलं, आयांची लढाईतल्या मुलांना जाणारी पत्रं त्यानंच वाहिली. काकांकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

काकांशी वाद घालणारं माणूस जगात एकच होतं, सुमनकाकू. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्या होत्या. काकांनी पुलांचं वाक्य काढलं की काकू कणीक मळता मळता म्हणायच्या की पूल नाही पडले, पण बेसमेंटमध्ये पाणी येतं त्याचं बघा. काकू गेल्या आणि घर शांत झालं. मुलगी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असते, रोज फोन करते आणि काका जे म्हणतील त्याला 'हो बाबा, बरोबर आहे बाबा' म्हणते. आम्हीही तेच करायला लागलो. वय झालेलं, एकटे राहतात, उगाच कशाला बोलायचं.

उरला होता फक्त दातवाला.

दातवाला म्हणजे वॉल्टर. गावातल्या तिकीट जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत दहा-बारा म्हातारे जमतात आणि भिंगं काढून बसतात. वॉल्टर त्यातलाच, उंच, वाकलेला, निवृत्त डेंटिस्ट. आयुष्यभर माणसांचे दात मोजून ह्याचं पोट भरलं नाही म्हणून आता तिकिटांचे मोजतो, असं काका म्हणत. वॉल्टर काकांना 'ब्रिज' म्हणायचा.

दोघांचं भांडण किती जुनं ते क्लबातही कुणाला आठवत नाही. वॉल्टरची आवडती मालिका त्याआधीची, १९०८ पासून पुढे चौदा वर्षं चाललेली. तिच्यात चेहरे दोनच. एक पहिला अध्यक्ष आणि दुसरा आकाशातली वीज पतंगानं उतरवणारा शास्त्रज्ञ. वरवर बघितलं तर तेच ते. पण कुठे दाते बदलले, कुठे कागद उजेडात धरल्यावर दिसणारं जलचिन्ह गेलं, कुठे छपाईचं यंत्र बदललं, अशा फरकांतून त्या दोन चेहऱ्यांचे असंख्य प्रकार झाले. ते ओळखण्यात वॉल्टरचं आयुष्य गेलं. काका त्या मालिकेला 'दोन टाळकी' म्हणत. वॉल्टर काकांच्या मालिकेला शाळेतला तक्ता म्हणायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांना मुलीनं गाडी चालवायची बंदी केली, तेव्हापासून क्लबात न्यायचं काम माझ्याकडे आलं. जाताना काका गाडीत त्या दिवशीचे मुद्दे पाठ करायचे आणि येताना वॉल्टरला कसं गप्प केलं ते सांगायचे. मी मागच्या खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसत असे, त्यामुळे मला माहीत होतं की गप्प कुणीच होत नसे.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी काका गाडीत बसले आणि बोललेच नाहीत. पूल आला, गेला, तरी गप्प. घराजवळ आल्यावर म्हणाले की दातवाल्याचं काहीतरी बिनसलंय.

मी विचारलं, भांडलात का जास्त?

"नाही ना. तो म्हणाला, यू मे बी राइट." काकांचा चेहरा अपमान झाल्यासारखा होता. "मी तर मुद्दाम वेडंवाकडं ताणत होतो. त्याला उत्तर माहीत होतं. तरी म्हणाला, बरोबर असेल तुझं."

पुढच्या महिन्यात तेच झालं. वॉल्टरनं एक गोष्ट दोनदा विचारली. चिमट्यात धरलेलं तिकीट कुठल्या पानावर ठेवायचं ते बघत बराच वेळ थांबला, मग तसंच समोरच्या डबीत टाकलं. निघताना पार्किंगमध्ये त्याची बायको मार्गरेट माझ्याजवळ आली. गोरी, बुटकी, नेहमी घाईत असणारी बाई. तिनं मला एका बाजूला घेऊन सांगितलं की वॉल्टरला विस्मरणाचा आजार आहे, डॉक्टरांनी निदान केलंय आणि आता तो वाढत जाणार. क्लबात अजून कुणाला माहीत नाही. ब्रिजला तूच सांग, मला ते जमणार नाही.

मी गाडीतच सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. मग, आज हायवेनं नको, आतल्या रस्त्यानं घे, एवढंच बोलले. आतला रस्ता लांबचा आहे आणि त्यावर पूल नाही.

एप्रिलमध्ये क्लबाचं प्रदर्शन असतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटी लावतात, गावातली माणसं मुलांना घेऊन येतात आणि एकाचं भाषण होतं. यंदा वॉल्टरची पाळी होती, विषय अर्थात दोन टाळकी. आजाराची बातमी तोवर फुटली होती. भाषण दुसऱ्या कुणाला द्यावं असं क्लबात हळूच बोलणं निघालं. मार्गरेटचंही मन होईना. काका तेवढ्यापुरते उभे राहिले आणि म्हणाले की भाषण वॉल्टरच करेल, त्या मालिकेबद्दल गावात दुसऱ्या कुणाला काही कळत नाही. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला कळत नाही यात काका स्वतःही आले.

भाषणाच्या दिवशी हॉल भरला होता. वॉल्टर निळा कोट घालून आला होता आणि सुरुवात छान झाली. जलचिन्ह कसं गेलं, का गेलं, सगळं ओघानं आलं. मग सपाट छपाईच्या जागी गोल फिरणारं रोटरी यंत्र आलं, हे वाक्य त्यानं म्हटलं आणि थांबला. हातातले कागद वरखाली केले. पुन्हा म्हणाला, मग रोटरी यंत्र आलं. पुन्हा थांबला. पडद्यावर तेच तिकीट. वॉल्टरनं पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक असं हसू आलं, जणू आपण चुकीच्या घरात शिरलोय आणि घरातल्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून हसतोय. कुणीतरी खोकलं. मार्गरेट खुर्चीतून अर्धी उठली.

तेवढ्यात काका उभे राहिले.

काका भाषणात उभे राहतात ते एकाच कामासाठी, चूक काढायला. मी त्यांचा कोट मागून धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"एक मिनिट, वॉल्टर," काका त्यांच्या खणखणीत नागपुरी इंग्रजीत म्हणाले. "रोटरी यंत्रावरची तिकिटं सपाट छपाईपेक्षा लहान असतात. तू इतकी वर्षं लोकांना उलटं सांगत आलायस."

क्लबातल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तोंडावर हात ठेवला ते दिसलं.

वॉल्टर काकांकडे बघत राहिला. कपाळावर आठी पडली. "लहान?" तो म्हणाला.

"लहान. शंभर टक्के."

"ब्रिज, तो धातूचा पत्रा असतो. सपाट पत्रा तू सिलिंडरवर वाकवून बसवलास तर वरच्या बाजूचं काय होतं?"

"आकसते," काका म्हणाले.

"ताणते!" वॉल्टरनं कागद टेबलावर आपटले. "वरची बाजू ताणते, चित्र लांबतं, म्हणून तिकीट मोठं होतं. मोठं! केसभर, पण मोठं. तू इंजिनिअर आहेस ना? तू पूल बांधत होतास ना?"

"माझा एकही पूल पडलेला नाही," काका म्हणाले.

"मग देवानंच धरून ठेवलेत," वॉल्टर म्हणाला.

हॉल जो हसला तो थांबेना. लहान मुलंही हसायला लागली. काका मान खाली घालून उभे होते, पक्के खजील. वॉल्टर टेबलामागून पुढे आला, एक वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्यावर पेननं रेघ मारून तो वाकवल्यावर ती कशी लांबते ते त्यानं मुलांना दाखवलं, आणि मग थांबलाच नाही. रोटरीपासून गुंडाळीच्या तिकिटांपर्यंत, तिथून मशीनमधून विकायच्या तिकिटांपर्यंत, कागद न बघता. मधूनमधून काकांकडे बोट करून म्हणे की हे त्या गृहस्थांसाठी पुन्हा सांगतो. काका बसल्या जागी मान हलवत होते. मार्गरेट खुर्चीवर मागे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी पर्स धरून रडत होती, पण हसतही होती.

परत येताना मी विचारलं, काका, वाकवल्यावर पत्र्याची वरची बाजू ताणते, हे तुम्हाला माहीत असणार ना?

"पहिल्या वर्षाला शिकवतात," काका म्हणाले.

मग ते आपणहून बोलायला लागले, समोर रस्त्याकडे बघत. म्हणाले की सुमन गेल्यापासून सगळे जण माझ्याशी फार चांगलं वागून राहिलेत. तूसुद्धा. आमटीत गूळ केव्हाही घालते आणि मला सांगते की नंतर घातला. मला कळत नाही का?

"माणूस म्हातारा झाला की लोक त्याला खोडून काढायचं सोडतात," ते म्हणाले. "मग तो असून नसल्यासारखा. दातवाल्याला मी तसं होऊ देणार नाही."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी मी काकांना वॉल्टरच्या घरी सोडते. क्लबात जाणं वॉल्टरला आता झेपत नाही. काका आदल्या दिवशी चुका तयार करतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, असं ते मला अगदी गंभीरपणे सांगतात. चूक फार बावळट असून चालत नाही, त्याला दयेचा वास येईल. आणि फार बारीक असूनही चालत नाही, आता तितकं त्याला पकडता येत नाही. दर खेपेला जरा जरा सोपी करावी लागते. कधीकधी ते माझ्यावर चूक वाजवून बघतात. मी म्हणते, काका, मला ही खरीच वाटली. मग ते खूश होऊन ती पक्की करतात. काकूंच्या आणि मंडळाच्या कुठल्याच दबावाला न बधलेला माणूस दर बुधवारी चार-पाच वेळा मनापासून हरतो आणि गाडीत बसल्यावर सांगतो की आज कसा झापला मला.

गेल्या बुधवारी माझी दुपारची मीटिंग कॅन्सल झाली, म्हणून मीही आत गेले. मार्गरेटनं दारातच सांगितलं की आजचा दिवस फारसा बरा नाही. सकाळी त्यानं तिलाच विचारलं होतं की घरी कधी जायचं. वॉल्टर मागच्या खोलीत उन्हात बसला होता, मांडीवर शाल. आम्ही दिसलो तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं काही उमटलं नाही. काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. नाव शोधत असावा. ते सापडलं नाही.

मग मार्गरेटकडे वळून तो हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "बरं झालं. तो आला. ज्याला काहीच कळत नाही, तो."

मी काकांकडे बघायचं टाळलं. पण बघावं लागलं, कारण ते हसत होते. कुठल्याही पुलावरून जाताना मी त्यांना इतकं खूश पाहिलेलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून वॉल्टरच्या अगदी जवळ आणली, बसले, चष्मा पुसला, आणि देशातल्या एखाद्या तज्ज्ञानं सांगावं तशा ठाम आवाजात सांगितलं की जलचिन्ह म्हणजे कागदावर मागून शाईनं मारलेला शिक्का असतो.

खिडकीबाहेर एक गाडी गेली, तिचा आवाज विरला. काका थांबून राहिले, हात गुडघ्यांवर ठेवून.

"शाईनं?" वॉल्टर म्हणाला.

"शाईनं," काका म्हणाले.

वॉल्टरनं शाल बाजूला केली. खुर्चीच्या हातांवर भार देऊन तो पुढे सरकून बसला, आणि कागदाचा लगदा ओला असतानाच त्यात अक्षरं कशी दाबतात ते सांगायला लागला. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मार्गरेट हात न पुसताच दारात येऊन उभी राहिली होती.